फक्कीचं म्यूझियम

लहानपण निरागस असतं असं म्हणणाऱ्यांनी मुलींच्या बोर्डिंगात आठ दिवस राहून दाखवावं. मी सहा वर्षं राहिले. आमची मिशनची शाळा नगर जिल्ह्यात, मिरजगावच्या बाजूला उघड्या माळावर होती. भोवती बाभळी, कुसळं आणि हुलग्याची रानं, आणि पाण्याची ओरड बारा महिने. शाळेपासून मैलभरावर महारोग्यांचं इस्पितळ होतं, तेही मिशनचंच. माझे वडील तिथं कंपाउंडर होते आणि आमचं घर इस्पितळाच्या कुंपणाला लागून होतं. आई मी लहान असतानाच वारली होती. त्या वस्तीत पोर वाढायला नको म्हणून बाबांनी मला बोर्डिंगात ठेवलं होतं. सुट्टीत तेवढी मी घरी जायचे. हे सगळं आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं ते मी अजाणतेपणी केलं असं कुणाला वाटायला नको.

आम्हाला सृष्टिज्ञान शिकवायला एक बाई होत्या. वाळक्या, अविवाहित, उन्हात-सावलीत छत्री घेऊन फिरणाऱ्या. त्यांनी लहानपणी एकदा मुंबईचं म्यूझियम पाहिलं होतं आणि त्यानंतर आयुष्यात त्यांच्या बाबतीत दुसरं काही घडलं नसावं. पेंढा भरलेला वाघ, काचेतले साप, देवमाशाचा सांगाडा याखेरीज त्यांचा तास व्हायचा नाही. त्यांच्याजवळ त्या म्यूझियमची एक जुनी माहितीपुस्तिका होती. आत खोल्यांचा नकाशा होता आणि पानं इतकी विरली होती की त्या ती पाटीवर ठेवून उलटायच्या. दुसरी मोठी लढाई संपली आणि रेल्वेत साध्या माणसांना पुन्हा जागा मिळू लागली, तेव्हा एका सकाळी बाईंनी जाहीर केलं की जानेवारीत बारा मुलींना घेऊन त्या मुंबईला म्यूझियम दाखवायला जाणार.

आमच्यातल्या निम्म्या मुलींनी आगगाडीसुद्धा पाहिली नव्हती. दुसऱ्या दिवसापासून शाळेत दुसरा विषय उरला नाही. भांडणंसुद्धा म्यूझियमवरून होऊ लागली.

बाई शिस्तीच्या. म्यूझियममध्ये आपल्याला दोन तास मिळणार, त्यात कुणी तोंड वासून उभं राहिलेलं चालणार नाही, म्हणून त्यांनी खो-खोचं मैदान आखायची फक्की मागवली आणि पुस्तिकेतल्या नकाशाबरहुकूम अख्खं म्यूझियम शाळेमागच्या माळावर आखलं. दरवाजा, जिना, खोल्या, कपाटं, सगळं पांढऱ्या रेघांत. दर शनिवारी आम्ही ओळीनं त्या दरवाजातून आत जायचो. रेघेवर पाय पडला तर हातावर छडी. ज्या मुली प्राणी व्हायच्या त्या आपापल्या चौकटीत उभ्या राहायच्या आणि बाकीच्यांनी समोर थांबून त्या प्राण्याची माहिती म्हणायची. वाऱ्यानं फक्की उडाली की पुन्हा आखणं आलं. गावातली माणसं गुरं घेऊन जाताना थांबून बघायची. काय चाललंय हे त्यांना कुणी सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही, मिशनच्या लोकांचं काहीतरी देवाचं असेल असं त्यांना वाटत असावं.

कोणी कुठला प्राणी व्हायचं हे बाई ठरवायच्या. गोरी मुलगी हरीण झाली, जाडी होती ती पाणघोडा. मला त्यांनी तरस केलं. बाईंना माणसांची पारख नव्हती, पण कधी कधी नेम बसायचा. माझी मैत्रीण काळीसावळी, तिला अस्वल केलं. सगळ्या फिदीफिदी हसल्या. तीही हसली आणि असं काही गुरगुरली की बाईंची छत्री हातातून पडली.

मैत्रीण म्हणते, पण तो शब्द तिच्या बाजूनं खरा होता. ती जामखेडकडच्या एका वस्तीवरची. बाप लोकांची गुरं राखायचा आणि रविवारी ख्रिस्ती देवळाची घंटा वाजवायचा. माझी वळकटी तिच्या वळकटीशेजारी असायची. तिला वाघाचं काही नव्हतं, सापाचं तर नव्हतंच. साप तिनं घरी पुष्कळ मारले होते. तिला देवमासा बघायचा होता.

"एवढा मोठा मासा पान्यात ऱ्हातो," ती मला म्हणायची, "मंग ते पानी केवढं आसंल गं?"

त्यांच्या वस्तीवर एका घागरीसाठी दोन कोस चालावं लागायचं. तिला ते पाणी डोळ्यांपुढं आणता येईना, म्हणून तिला निदान मासा तरी पाहायचा होता. शनिवारी फक्कीच्या तिसऱ्या खोलीत देवमाशाची लांबच लांब चौकट असायची. त्यात उभं राहायला कुणीच नव्हतं, कारण तेवढी मोठी मुलगी शाळेत नव्हती. ती तिथं हटकून रेंगाळायची आणि छडी खायची.

बाईंनी म्यूझियमला पत्र लिहिलं होतं. तिथल्या कुणा साहेबाचं टाइप केलेलं उत्तर आलं. मुलींनी आपल्या कोरड्या मुलखातले किडे टाचण्यांनी नीट लावून आणले तर साहेब ते पाहतील आणि मागची, लोकांना न दाखवायची खोलीही दाखवतील. बाईंनी ते पत्र प्रार्थनेत वाचलं. मग अट घातली: ज्या मुलीचा किड्यांचा डबा उत्तम, ती बारा जणींत.

म्हणून त्या पावसाळ्यात आम्ही किड्यांच्या मागं लागलो. चतुर, टोळ, सोनकिडे, शेणकिडे. स्पिरिटच्या बोळ्याच्या बाटलीत घालून मारायचे, मग भेंडाच्या मऊ, हलक्या तुकड्यावर ठेवून छातीतून टाचणी खुपसायची आणि पाय, पंख, मिशा एकेक करून पसरायच्या. काही मुलींना बाटलीचा धीर नसायचा. त्या जिवंत किड्यालाच टाचणी मारायच्या आणि तो गरगर फिरायला लागला की टाळ्या पिटायच्या. मीही पिटल्या. माझ्या हाताला मात्र ते काम यायचं नाही. टोळाचे पाय तुटायचे, फुलपाखराचे पंख माझ्या बोटांना चिकटून यायचे. मैत्रिणीचे हात म्हणजे काय सांगू! सुगरण बाई शेवया वळते तसे तिचे हात चालायचे. मुंगीएवढ्या किड्याचे सहाही पाय ती सरळ करायची आणि वर म्हणायची, "आता बग, चालाय लागंल."

एका दुपारी आम्ही दोघी व्हरांड्यात डबे घेऊन बसलो होतो. माझ्या हातातली टाचणी घसरली आणि तिच्या डाव्या हाताला, कोपराच्या खाली रुतली. अर्धी आत. मी ओरडले. ती ओरडली नाही. ती एका सोनकिड्याची मिशी सरळ करत होती, ते काम तिनं पुरं केलं आणि मग हाताकडं बघितलं.

"तितं मला लागतच न्हाई," ती म्हणाली. "गंमत हाय की न्हाई?"

टाचणीच्या भोवती रुपयाएवढा फिकट चट्टा होता.

मला त्याच क्षणी कळलं. सुट्टीत मी बाबांच्या दवाखान्याच्या खिडकीशी उभी राहून तेच तर बघत आले होते. नवीन माणूस आला की बाबा त्याला म्हणायचे, डोळे मीट आणि टोचलं की सांग. आधी पीस फिरवायचे, मग टाचणी. फिकट चट्ट्यावर टाचणी टेकली आणि माणूस गप्पच राहिला की बाबांचा चेहरा उतरायचा. मग ते वहीत नाव लिहायचे आणि त्या माणसाचं घरी जाणं संपायचं. कंपाउंडरच्या मुलीला याहून जास्त कुणी शिकवायला नको होतं.

मला आधी वाईट वाटलं असं लिहायचा मोह होतो, पण वाटलं नव्हतं. मी टाचणी उपटली आणि पुन्हा टोचून बघितली. ती हसली.

आठवड्याभरात तो खेळ झाला. मुली तिच्यापुढं बसायच्या, ती डोळे मिटायची आणि त्या टोचायच्या. एका टोचण्याला एक चिंचेचं बुटूक. तिला वाटायचं, आपल्यात काहीतरी विशेष आहे. आयुष्यात पहिल्यांदाच तिच्याभोवती घोळका जमत होता. मी शेजारी बसून चिंचा वाटून घ्यायचे.

मग एकदा तिनंच विचारलं, "मेट्रनबाईस्नी दाखवू का गं? चट्टा वाडतोय." मेट्रनबाई म्हणजे बोर्डिंग सांभाळणाऱ्या बाई. दर महिन्याला त्या आमच्या डोक्यातल्या उवा आणि बोटांतली खरूज बघायच्या, पण बाहीखाली बघायची त्यांची पद्धत नव्हती.

"दाखवलंस तर यादीतून नाव जाईल," मी म्हणाले. "अंगावर काही असलं तर गाडीत बसू देत न्हाईत."

ती घाबरली. मग म्हणाली, "तुजे बाबा दवाखान्यात हायत. त्यास्नी इचार की, काय हाय हे."

पुढच्या रविवारी बाबा उपासनेला आले होते. उपासना झाल्यावर नेहमीप्रमाणे त्यांनी मला जवळ घेतलं, भूक लागते का, अभ्यास होतो का विचारलं. त्यांच्यासाठी ते एक वाक्याचं काम होतं आणि माझ्यासाठीही. मी विचारलं नाही. परत येऊन तिला सांगितलं, "बाबा म्हणाले, गजकर्ण हाय. लिंबू चोळ. जाईल आपोआप."

ती इतकी खूश झाली की तिनं मला मिठी मारली. त्या दिवसापासून ती बाही खाली ओढून वावरायला लागली, स्वयंपाकघरातून लिंबाच्या फोडी चोरून चोळायला लागली आणि माझ्या उपकाराची फेड म्हणून माझे किडे लावून द्यायला लागली. माझ्या डब्यातला एकूण एक किडा तिच्या हातचा. मला तिची गरज होती, सरळ गोष्ट. तिला इस्पितळात नेलं असतं तर माझा डबा कोण भरणार होतं? पावसाळा गेला, दिवाळी गेली. चट्टा कोपराच्या वर सरकला आणि मी रोज रात्री तिच्याशेजारी झोपत राहिले. मला भीतीही वाटायची, म्हणून वळकटी वीतभर लांब सरकवायचे. तिला सांगितलं, उकडतंय.

डिसेंबरच्या सुरुवातीला बाईंनी यादीचा दिवस ठरवला. सगळ्यांना वाटलं डबे बघतील आणि नावं वाचतील. पण बाईंनी डबे एका बाजूला ठेवले आणि प्रत्येकीच्या हातात एक मेलेला टोळ, भेंडाचा तुकडा आणि टाचण्या दिल्या. "माझ्यासमोर लावा," त्या म्हणाल्या.

माझ्या टोळाचे दोन्ही मागचे पाय गळून पडले. बाईंनी टोळाकडं बघितलं, माझ्या डब्याकडं बघितलं, पुन्हा टोळाकडं बघितलं. मैत्रिणीला त्या दिवशी वेळ लागला. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तिला नीट सरळ करता येत नव्हतं. ती उजव्या हातानं ती बोटं दाबून धरत होती. "अवघडलीत," ती बाईंना म्हणाली. तरीही तिचा टोळ वर्गात तिसरा आला.

बारा नावं फळ्यावर लिहिली गेली. माझं तेरावं, खाली, एक रेघ मारून. कुणी आजारी पडलं तर, असं बाई म्हणाल्या.

जेवायच्या घंटेच्या आधी मी मेट्रनबाईंच्या खोलीत गेले. काय बोलायचं ते मी वाटेत ठरवून घेतलं होतं. मी म्हटलं, "बाई, मला तिची फार काळजी वाटते." डोळ्यांत पाणीही आणलं. ते आणायला मला काही कष्ट पडले नाहीत. मला म्यूझियमला जायचं होतं आणि त्या विचारानं खरंच रडू येत होतं.

मेट्रनबाईंनी तिला बोलावून बाही वर सारली आणि दोन पावलं मागं सरकल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी इस्पितळाची बैलगाडी फाटकाशी येऊन थांबली. तिची वळकटी परसात जाळली. किड्यांचा डबा मेट्रनबाईंनी चिमट्यानं उचलून त्याच जाळात टाकला. सृष्टिज्ञानाच्या बाई, "अहो, तो तरी," एवढंच म्हणाल्या. ज्या मुलींनी चिंचा देऊन तिला टोचलं होतं त्या राखेनं हात घासत होत्या आणि एकमेकींवर ओरडत होत्या की तूच जास्त वेळा शिवलीस. एक तिच्याकडं बघून थुंकली. तिनं ते बघितलं. तिला आपल्याला काय झालंय हे अजून कुणी सांगितलंच नव्हतं, कुणाला वेळ झाला नव्हता.

गाडीत चढताना तिनं मला हाक मारली. मी फाटकाच्या आत उभी होते.

"भिऊ नगंस," ती मलाच म्हणाली. "तुजे बाबा हायत की तितं. मी त्यास्नी सांगते, लिंबू चोळलं तरी गेलं न्हाई म्हून."

गाडी हलली तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं. एवढे महिने मी सगळ्याचा हिशेब केला होता, पण ती थेट बाबांच्याच हातात जाणार आहे हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. त्या संध्याकाळी प्रार्थनेत मेट्रनबाईंनी माझ्यासाठी देवाचे आभार मानले. या मुलीच्या प्रेमळ काळजीमुळे एक जीव वेळीच उपचाराला लागला, असं म्हणाल्या. सगळ्यांनी आमेन म्हटलं. फळ्यावरची रेघ पुसून माझं नाव वर सरकवलं. शनिवारी फक्कीच्या म्यूझियममध्ये अस्वलाच्या चौकटीत उभं राहायला कुणी तयार होईना, तेव्हा बाईंनी तिथं एक दगड ठेवला.

नाताळच्या सुट्टीत घरी जाताना मी मैलभराच्या वाटेला दुप्पट वेळ लावला. बाबा मारायचे नाहीत, पण त्यांनी नुसतं विचारलं असतं तरी मी मेले असते. त्यांनी विचारलं नाही. जेवण वाढलं, उपासनेला घेऊन गेले, नवीन झग्याचं कापड दिलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला दवाखान्यात बोलावलं. दर सुट्टीत ते माझं अंग तपासायचे; इस्पितळात काम करणाऱ्या सगळ्यांच्याच पोरांचं तपासायचे. म्हणाले, "डोळे मीट. टोचलं की सांग."

मी डोळे मिटले. पाठ झाली, दंड झाले. मग कोपराच्या खाली टाचणी आली आणि आत गेली. मी "आई गं" म्हणून हात ओढला. रक्त आलं होतं. आजवर कधी आलं नव्हतं.

"लागलं?" बाबांनी विचारलं.

"लागलं."

"बरं," ते म्हणाले आणि कापूस लावला.

म्हातारे व्हायला लागलेत, हात थरथरत असेल, असा मी अर्थ काढला. ती काही बोललेली नाही, याबद्दल माझी खात्री झाली. मैत्रीण कशी आहे असं मी विचारलं, तेव्हा म्हणाले, "नस सुजून दोरीसारखी झालीय. चार महिने आधी यायला हवी होती." त्या काळी कडूकवठाच्या तेलाची इंजेक्शनं द्यायचे, तीच चालू होती. "भेटायचंय तुला?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मुंबईला जायचंय, आधी नको. ते उठून आत गेले.

जानेवारीत आम्ही मुंबईला गेलो. मला मजा आली. हे लिहायला हवं, कारण अशा आठवणींत शेवटी माणसाला पश्चात्तापानं काही गोड लागलं नाही असं लिहायची रीत आहे. मला सगळं गोड लागलं. आगगाडी, दौंडच्या फलाटावरची भजी, ट्राम, समुद्र. म्यूझियमच्या दारात मात्र बाईंची त्रेधा उडाली. पुस्तिका तीस-पस्तीस वर्षांची जुनी. खोल्या बदलल्या होत्या, जिना दुसरीकडं होता, वाघाच्या जागी मडकी मांडली होती. आम्ही शनिवारी घोकल्याप्रमाणे ओळीनं डावीकडं वळलो आणि भिंतीवर आपटलो. बाई पुस्तिका उलटीसुलटी करत होत्या आणि आम्ही त्यांच्या मागं तोंडावर हात धरून हसत होतो. देवमासा तर नव्हताच. पहारेकऱ्यानं सांगितलं की त्याच्या नोकरीच्या काळात तरी इथं कुठला देवमासा बघितल्याचं त्याला आठवत नाही.

पत्र लिहिणारे साहेब रजेवर होते. एका तरुण कारकुनानं डबे बघितले. माझ्या डब्यापाशी तो थांबला. "हे कुणी लावलंय?" त्यानं विचारलं. "हात फार चांगला आहे."

"मी," मी म्हणाले.

बाई माझ्याकडं बघत होत्या. बघत राहिल्या आणि मग छत्री उघडून बाहेर गेल्या.

त्यानंतर चार वर्षं मी त्या इस्पितळाच्या आतल्या आवारात पाऊल टाकलं नाही. सुट्टीत घरी असले तरी कुंपणाच्या अलीकडं. अभ्यास आहे, डोकं दुखतं, ऊन आहे. बाबांनी पुन्हा कधी आग्रह केला नाही. सुट्टीतली तपासणीही त्यांनी बंद केली. मोठी झालीस, म्हणाले. पूर्वी ते संध्याकाळी माझ्याकडून मोठ्यानं वाचून घ्यायचे, तेही थांबलं. मी ट्रेनिंग कॉलेजात गेले आणि त्याच वर्षी पावसाळ्यात बाबा तापानं गेले.

दफनाच्या दिवशी इस्पितळातले रोगी कब्रस्तानाच्या भिंतीबाहेर उभे होते. सगळे आटोपून निघाल्यावर ती भिंतीशी आली. मी तिला आवाजावरून ओळखलं. नव्या गोळ्या आल्या होत्या, रोग थांबला होता, तोंडावर काही खूण नव्हती. दोन्ही हातांची बोटं मात्र तळव्यात वळून बसली होती. मी त्यांच्याकडं बघणार नाही असं ठरवलं होतं आणि पहिल्यांदा तिथंच बघितलं.

"चल, तुला एक दावते," ती म्हणाली.

बायकांच्या खोल्यांमागच्या आवारात तिनं फक्कीनं म्यूझियम आखलं होतं. तेच, बाईंचं. दरवाजा, जिना, खोल्या, कपाटं. फक्कीची पाटी दोन्ही मनगटांत धरून ती रेघा ओढायची. दर शनिवारी इस्पितळातल्या पोरांना ओळीनं आत न्यायची. रेघेवर पाय पडला तरी कुणाला मारायची नाही, असं तिनं मुद्दाम सांगितलं. ती मला दरवाजातून घेऊन गेली, एकेका चौकटीपुढं थांबली. तिसऱ्या खोलीत आल्यावर म्हणाली, "देवमासा हितंच हुता न्हवं?"

"हितंच होता," मी म्हणाले.

"केवढा?"

"लई मोठा."

ती त्या लांब चौकटीच्या कडेला बसली. मलाही बसावं लागलं. मग तिनं बाबांची गोष्ट काढली.

"देवमानूस हुते गं तुजे बाबा. मी आले त्याच दिवशी त्यास्नी म्हनलं, तुमीच तर गजकर्ण म्हनला हुता, लिंबू चोळाय सांगितलं हुतं. त्यांनी हातातली वही मिटून ठेवली. मला वाटलं, रागावले. मंग म्हनले, व्हय पोरी, माजीच चूक झाली. मला तवा कळलं न्हाई. माफ कर म्हनले. येवढा मोठा मानूस माज्याफुडं रडला. तवापासनं दर संध्याकाळी माजी बोटं धरून तेल चोळायचे. रोज. सरळ व्हायची न्हाईत हे त्यास्नी ठावं हुतं, तरी चोळायचे."

मी फक्कीकडं बघत होते. मला बाबांची ती टाचणी आठवली, माझ्या कोपराच्या खालची.

"मी कदी राग धरला न्हाई त्यांचा," ती म्हणाली. "चुकतं की मानसाचं. व्हय का न्हाई?"

ती माझ्या तोंडाकडं बघत थांबली होती. बाबांच्या कबरीवरची माती अजून ओली होती आणि आम्ही बसलो होतो तिथून दिसत होती.

"व्हय," मी म्हणाले. "बाबांचं चुकलं."